वर्गणीचं दुसरं वर्ष

२०१६च्या गणपतीत मी एका शंभरपानी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं : ‘सहा महिने’. खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्या सहा महिन्यांत मी आणि माझा कॉलेजातला एक मित्र पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर तयार करणार होतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, व्याज, सिंकिंग फंड, वर्षाखेरीचा ताळेबंद. ते एकरकमी विकायचं नाही, वर्गणीवर द्यायचं असं ठरलं होतं. सोसायटीने दरवर्षी ठरलेली रक्कम भरायची. सर्व्हर आमचा, बॅकअप आमचा, दुरुस्त्या आमच्या. मी नोकरी सोडली. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून सहा लाख रुपये दिले. “कधीपर्यंत?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी वहीतलं उत्तर सांगितलं.

सहा महिन्यांचं ते काम स्वतःच्या पायावर उभं राहायला साडेचार वर्षं लागली. पुढे मी या धंद्याचा इतिहास वाचायला लागले, तेव्हा कळलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर मी जन्माला यायच्या आधीपासून छापलेलं होतं. मी ते शोधलंच नव्हतं. ‘आपल्याला किती वेळ लागेल’ हे मी स्वतःलाच विचारलं होतं. ‘इतरांना किती लागला’ हे कुणालाही विचारलं नव्हतं.

*

वर्गणीवरचं सॉफ्टवेअर ही इंटरनेटची देणगी आहे, असा माझा समज होता. पण सुरुवातीला कंप्युटर इतके महाग होते की, त्यावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट भाड्यानेच मिळायची. १९६१ साली जॉन मॅकार्थीने एमआयटीतल्या एका भाषणात सुचवलं होतं की, उद्या गणनशक्ती वीज-पाण्यासारखी घरोघर पुरवली जाईल आणि लोक वापराप्रमाणे पैसे भरतील. त्यासाठी एक यंत्र एकाच वेळी अनेकांना वापरता यायला हवं होतं. याला ‘टाइम-शेअरिंग’ म्हणत.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी हे काम अंगावर घेतलं. प्रोग्राम लिहायला हाताशी होते पदवीचे विद्यार्थी. जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र १९६४च्या सुरुवातीला आलं आणि १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता दोन टर्मिनलांवर बेसिक भाषेतले प्रोग्राम एकाच वेळी चालले. १९६५पासून जनरल इलेक्ट्रिक हीच कल्पना घेऊन कंपन्यांना टाइम-शेअरिंगची सेवा भाड्याने देऊ लागली.

एवढंच वाचलं तर वाटतं, वर्षभरात होतंय की! पण जवळपास त्याच काळात, त्याच जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रांवर, एमआयटी आणि बेल लॅब्ज मिळून ‘मल्टिक्स’ नावाची प्रणाली उभारत होते. ध्येय मॅकार्थीचंच : गणनशक्तीचं वीजकेंद्र. काम १९६४मध्ये सुरू झालं. कंटाळून बेल लॅब्ज १९६९मध्ये बाहेर पडली. त्याच वर्षी एमआयटीत मल्टिक्स वापरासाठी खुलं झालं, आणि बाजारात आलं १९७३ साली. नऊ वर्षं.

मल्टिक्सची माणसं कमी हुशार नव्हती. फरक होता तो वापरणारे कोण आणि किती दूर, याचा. डार्टमथच्या मुलांचे ग्राहक त्यांच्याच वसतिगृहात राहत होते. काही अडलं तर कॉट हलवून उठवायचे. मल्टिक्सला मात्र एकमेकांना न ओळखणाऱ्या, एकमेकांपासून माहिती लपवू पाहणाऱ्या, रात्रंदिवस चालू राहण्याची अपेक्षा ठेवणाऱ्या माणसांसाठी तयार व्हायचं होतं.

आम्ही मनातल्या मनात डार्टमथचं वेळापत्रक धरलं होतं. ग्राहक मात्र दुसऱ्या प्रकारचे होते.

*

फ्रेडरिक ब्रूक्स १९६०च्या दशकात आयबीएममध्ये ‘ओएस/३६०’ या अवाढव्य प्रणालीचा प्रमुख होता. काम रखडलं, माणसं वाढवली, काम आणखी रखडलं. त्या अनुभवावर त्याने १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे त्यातलं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. मला ते आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हता तो पहिल्याच प्रकरणातला एक हिशेब.

ब्रूक्स म्हणतो, गॅरेजमध्ये दोघांनी बसून लिहिलेला प्रोग्राम ही एक गोष्ट. तोच प्रोग्राम कुणालाही वापरता, तपासता, दुरुस्त करता येईल असा करायचा, म्हणजे त्याचं ‘उत्पादन’ करायचं, तर तिप्पट श्रम. आणि इतर प्रोग्रामांशी जुळवून घेणारा, एखाद्या व्यवस्थेचा भाग करायचा तर वेगळे तिप्पट. दोन्ही हवं असेल तर तीन त्रिक नऊ. वेळेच्या वाटणीचंही त्याचं सूत्र आहे : एक तृतीयांश आखणीला, एक षष्ठांश प्रत्यक्ष कोड लिहायला आणि उरलेला निम्मा वेळ तपासण्याला.

आमचं काय झालं ते या हिशेबाशेजारी ठेवून बघते. पहिलं बिल स्क्रीनवर दिसलं तिसऱ्या आठवड्यात. मित्राच्या सोसायटीचा डेटा घातला, बटण दाबलं, ऐंशी फ्लॅटांची बिलं तयार. आम्ही त्या रात्री बाहेर जेवायला गेलो. तो गॅरेजमधला प्रोग्राम होता.

मग दुसरी सोसायटी आली. उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावायचं, जास्तीत जास्त २१ टक्के. या सोसायटीत मात्र पंधरा वर्षं चक्रवाढ लागत होतं आणि खजिनदारांना ते ठाऊकही नव्हतं. एका सभासदाने अर्धवट रक्कम भरली तर आधी व्याज वळतं करायचं की मुद्दल? तिसऱ्या सोसायटीचं उत्तर वेगळं, चौथीचं आणखी वेगळं. फ्लॅट मार्चमध्ये विकला आणि नाव जूनमध्ये लागलं, तर मधली बिलं कुणाच्या नावावर? चेक परत आला तर दिलेल्या पावतीचं काय? ऑडिटरांना सगळं टॅलीमध्ये हवं. म्हणजे आमचा प्रोग्राम दुसऱ्या व्यवस्थेचा भाग व्हायला हवा. त्यात १ जुलै २०१७ला जीएसटी आला. सभासदामागे महिना पाच हजारांची मर्यादा आम्ही कोडात बसवतोय तोवर जानेवारी २०१८मध्ये ती साडेसात हजार झाली.

तीन आठवडे गुणिले नऊ म्हणजे सत्तावीस आठवडे, साधारण सहा महिने. गंमत म्हणजे ब्रूक्सच्या हिशेबानेही माझे सहा महिने बरोबर येतात! पण हे नऊपट म्हणजे उत्पादन तयार होण्यापर्यंतचे श्रम. ब्रूक्सच्या ग्राहकांकडे ते बसवायला आयबीएमची माणसं जात. वर्गणीचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. तो सुरूच मुळी इथून पुढे होतो.

*

या धंद्यात दंतकथा फार. त्या सगळ्यांचा आकार एक : दोघा-चौघांनी एका लहान घरात काही आठवड्यांत काहीतरी बनवलं आणि जग बदललं. त्या खोट्या नसतात. फक्त त्यांचं पहिलं पान फाडलेलं असतं.

सेल्सफोर्सचं बघा. मार्च १९९९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टेलिग्राफ हिलवरच्या एका फ्लॅटमध्ये काम सुरू झालं आणि महिन्याभरात पहिला नमुना चालू लागला. फाडलेलं पान असं : मार्क बेनिऑफ तोवर तेरा वर्षं ओरॅकलमध्ये होता आणि पार्कर हॅरिस विक्री-विभागांसाठीच्याच सॉफ्टवेअरवर आधी काम करून आला होता. आणि पुढचं पान : फेब्रुवारी २००० मध्ये वाजतगाजत उद्घाटन झालं, माणशी महिना पन्नास डॉलर दर होता, ग्राहक हवं तेव्हा सोडू शकत होता. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर महिन्याच्या वर्गणीवर कंपनी तगेना. तेव्हा त्यांनी वर्षाची रक्कम आगाऊ घ्यायला सुरुवात केली. शेअर बाजारात नाव लागलं २००४मध्ये.

बेसकॅम्प फेब्रुवारी २००४मध्ये आलं. ते लिहिणारा डेव्हिड हॅन्सन कोपनहेगनमध्ये शिकता शिकता आठवड्याला दहा तास काम करायचा, हे फार सांगितलं जातं. पण शिकागोची ती कंपनी १९९९पासून वेबसाइट करून देत होती, त्या कामावर घरं चालत होती, आणि बेसकॅम्प त्यांनी आधी स्वतःच्याच ग्राहकांचा गोंधळ आवरण्यासाठी केलं होतं. वर्षभराने वर्गणीचं उत्पन्न त्या कामापेक्षा जास्त झालं, तेव्हा कुठे त्यांनी ती कामं बंद केली.

स्लॅक २०१३च्या ऑगस्टमध्ये दिसलं आणि फेब्रुवारी २०१४मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. पण त्या कंपनीने २००९पासून ‘ग्लिच’ नावाचा एक खेळ बनवण्यात वर्षं घालवली होती. खेळ चालला नाही. डिसेंबर २०१२मध्ये बंद पडला. तो बनवताना आपापसात बोलायला केलेलं साधन तेवढं उरलं, तेच स्लॅक. फिग्माच्या दोघांनी २०१२मध्ये सुरुवात केली. सर्वांना वापरता आलं २०१६मध्ये आणि पैसे घ्यायला सुरुवात झाली २०१७मध्ये.

आपल्याकडचं उदाहरण चेन्नईचं. फ्रेशडेस्क २०१०मध्ये सुरू झालं आणि २०११च्या मध्यावर ग्राहकांसमोर आलं. गिरीश मातृभूतम त्याआधी झोहोमध्ये कितीतरी वर्षं होता, आणि तिथे त्याने सांभाळलेलं एक उत्पादन हेल्पडेस्कचंच होतं. स्वतः झोहो १९९६ साली ॲडव्हेंटनेट या नावाने जन्मली, नेटवर्क सांभाळण्याचं सॉफ्टवेअर विकत राहिली, आणि ‘झोहो’ नावाच्या वर्गणीच्या वस्तू आल्या २००५च्या आसपास. म्हणजे नऊ वर्षं दुसऱ्याच धंद्याने ही चूल पेटती ठेवली होती.

सगळ्यात जुनं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विद्यापीठांत शेतीच्या प्रयोगांचे आकडे तपासण्यासाठी १९६६ साली अँथनी बार याने ‘सास’ नावाची प्रणाली लिहायला घेतली. तिची कंपनी झाली १९७६ साली, आणि ती सॉफ्टवेअर विकत नव्हती, वार्षिक परवान्यावर देत होती. दहा वर्षं ते विद्यापीठाचं काम म्हणून जगलं, आणि मग वर्गणीवर.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. पहिली चालती आवृत्ती आठवड्यांत किंवा महिन्यांत होते. १९६४लाही होत होती, आजही होते. पण त्याआधी तरी काही वर्षं असतात, नाहीतर त्यानंतर. आणि त्या वर्षांचा खर्च कुणीतरी उचललेला असतो. नोकरीने, विद्यापीठाने, दुसऱ्या धंद्याने, गुंतवणूकदाराने. किंवा वडिलांनी.

*

आम्ही मार्च २०१७ गाठू शकलो नाही. सॉफ्टवेअर तयार झालं जूनमध्ये. तीनच महिने उशीर. कुठल्याही कंपनीत हे यश समजलं असतं.

पण सोसायटीचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. सुरुवातीच्या शिलका त्याच दिवशी नव्या वहीत ओढतात. जूनमध्ये गेलेल्या माणसाला सेक्रेटरी चहा देतात, सगळं नीट बघतात आणि म्हणतात, “छान आहे हो. मार्चमध्ये या.” सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा असते, तिथे कधी कमिटी बदलते, आणि मार्चमध्ये या म्हणणारा माणूसच पदावर राहत नाही. तीन महिन्यांचा उशीर आम्हाला एक वर्षाला पडला. वेळापत्रक कोडाच्या हिशेबाने बनवलं होतं. ग्राहकाच्या भिंतीवर कोणतं कॅलेंडर लटकतंय ते पाहिलं नव्हतं.

एप्रिल २०१८मध्ये पाच सोसायट्या मिळाल्या. जुलैमध्ये मित्र बाहेर पडला. त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं, दुसरं मूल होतं. सहा महिने म्हणून तो आला होता आणि दोन वर्षं थांबला होता. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं कधी कधी वाटतं.

पाच सोसायट्या मिळाल्याचं मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबांनी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं काढली. ग्रंथपाल म्हणून नेमणूक, पण वर्गणी वसुली, पुस्तकं चिकटवणं, पावसात गळक्या खोलीतली कपाटं हलवणं, सगळंच करायचे. ते म्हणाले, “पाच अनामती आल्या म्हण. वर्गणीदार किती ते पुढच्या वर्षी कळेल.” मग त्यांनी सांगितलं, की जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वाचनालयात नव्या सभासदांची रांग लागायची आणि नवे संचालक खूश व्हायचे. बाबा वेगळी वही ठेवत. तिच्यात दुसऱ्या वर्षी वर्गणी भरणाऱ्यांचीच नावं असत. नवीन पुस्तकं किती घ्यायची ते त्या वहीवरून ठरायचं.

पुढच्या एप्रिलमध्ये पाचांतल्या तीन राहिल्या. गेलेल्या दोघींनी कारण सांगितलं नाही. तीन राहिल्या त्यांचं कारणही मला वाटलं तसं नव्हतं, एका खजिनदारबाई म्हणाल्या, “तुम्ही रविवारी फोन उचलता.”

वर्गणीच्या धंद्याबद्दलची ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात इतकी स्पष्ट भेटली नाही. वार्षिक वर्गणी टिकते की नाही हे कळायला वर्ष जावंच लागतं. माणसं वाढवून, रात्री जागून, नवी साधनं आणून ते वर्ष अकरा महिन्यांचं होत नाही. आणि पहिल्या वर्षी चुकलेलं दुरुस्त केलं तर ती दुरुस्ती लागू पडली की नाही हे कळायला आणखी एक वर्ष. सेल्सफोर्सने वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन आपली तिजोरी सावरली, पण ग्राहक राहणार की जाणार हे त्यांनाही वर्षअखेरच कळलं असणार.

२०१९मध्ये सतरा सोसायट्या, पुढच्या वर्षी त्यांतल्या पंधरांनी वर्गणी भरली, तीही टाळेबंदीत. कमिट्या एकत्र बसू शकत नव्हत्या, चेकवर दोन सह्या मिळत नव्हत्या, म्हणून घरून पाहता येणारा हिशेब त्यांना अचानक गरजेचा वाटला. एप्रिल २०२१मध्ये बावन्न झाल्या आणि त्या महिन्यापासून मी स्वतःला पगार घेऊ लागले.

त्या वर्षी दिवाळीत बाबांना तीन लाख परत द्यायला घरी गेले होते. बँकेचं पासबुक शोधताना त्यांच्या फायलीत डॉक्टरांचा कागद सापडला. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी असा. तारीख मे २०१७ची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तू सहा महिने म्हणाली होतीस ना. म्हटलं, झालं की करू.” चार वर्षं ते वाचनालयाचा जिना एकेक पायरी करून चढत होते. मला कधी म्हणाले नाहीत आणि मीही जिन्याकडे पाहिलं नव्हतं. शस्त्रक्रिया पुढच्या जानेवारीत झाली. उजवा गुडघा बरा आहे. डाव्याला डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

*

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमनने एक आठवण लिहून ठेवली आहे. इस्राएलमध्ये शाळांसाठी निर्णयप्रक्रियेवरचं एक पाठ्यपुस्तक तयार करायला त्याने माणसं जमवली होती. एके दिवशी प्रत्येकाने कागदावर अंदाज लिहिला. सगळे दोन वर्षांच्या आसपास. मग त्याने त्यांच्यातल्याच एका अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, अशी कामं घेतलेल्या इतर गटांचं काय झालं? तो माणूस गप्प झाला. मग म्हणाला, चाळीस टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. या माणसाने स्वतःही कागदावर दोन वर्षांच्या आसपासचाच आकडा लिहिला होता! पुस्तकाला शेवटी आठ वर्षं लागली, आणि ते वापरलं गेलं नाही.

हे आठवायचं कारण माझा भाचा. गेल्या महिन्यात तो लॅपटॉप घेऊन आला. योगवर्ग आणि जिम चालवणाऱ्यांसाठी हजेरी आणि फीचं ॲप त्याने तीन शनिवार-रविवारांत केलं आहे. निम्मं कोड एआयने लिहिलं. खरंच चांगलं आहे. आम्हाला जे तीन आठवडे लागले ते त्याने सहा दिवसांत केलं. “मावशी, नोकरी सोडतोय. सहा महिने पुरतील ना?”

मी ती वही काढली आणि खाली लिहून दिलं. चालती आवृत्ती : झाली. ओळखीचा नसलेला माणूस तुला फोन न करता महिनाभर वापरेल : आजपासून नऊ महिने ते एक वर्ष. पैसे कापून घेण्याची व्यवस्था : दोन महिने धर, आणि नियम बदलतात हे लक्षात ठेव, ऑक्टोबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले तेव्हा कार्डावरून आपोआप जाणाऱ्या कितीतरी वर्गण्या अडकल्या होत्या. दुसऱ्या वर्षी वर्गणी भरणारे दहा जण : दोन वर्षं, त्याच्या आत शक्यच नाही. तुझं घर चालणं : तीन ते पाच वर्षं, तेही चाललं तर. आणि शेवटची ओळ : ही वर्षं कोण भरणार, त्याचं नाव. ती मी रिकामी सोडली.

त्याने पानाचा फोटो काढला. जरा रागावलाच होता. नोकरी अजून सोडलेली नाही. दर शनिवारी सकाळी सहा वाजता कोथरूडमधल्या एका योगवर्गाच्या दाराशी टेबल टाकून बसतो, हजेरी घेतो आणि बाई फीची वही कशी लिहितात ते बघतो. परवा सांगत होता, त्या एकाच माणसाच्या नावापुढे तीन वेगवेगळ्या फिया लिहितात आणि का ते त्याला अजून कळलेलं नाही.